सिद्रामअण्णांचं पेव

सिद्रामअण्णांना अंतर विचारायचं नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाहेरच्याला माहीत नसे. एकदा पुण्याकडची काही मंडळी गाणगापूरला निघाली होती. चहासाठी फाट्यावर थांबली. बाकावर कपाळभर विभूती लावलेला म्हातारा बसलेला पाहून त्यांच्या ड्रायव्हरनं आदबीनं विचारलं, "बाबा, गाणगापूर किती लांब आहे हो?"

"कुठल्या दगडापासून?" अण्णा म्हणाले.

"म्हणजे... इथनं."

"इथनं म्हंजे गाडीपासून का हाटेलापासून? आन् तिथं देवळाच्या दारापत्तर का नदीपत्तर?"

मंडळींनी अर्धा चहा टाकून गाडी काढली. अण्णांना मनापासून वाईट वाटलं. "कुठं पोचायचं ते ठरवलं न्हाई, मंग पोचतेत कसे?" असं ते मला दोन दिवस विचारत होते. दत्तानं पोचवलं असेल, असं मी म्हणालो. त्यावर दत्त कुठल्या दगडापासून मोजतो, हे त्यांनी विचारलं नाही, एवढीच मेहेरबानी.

अण्णा सरकारी मोजणीदार होते. मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते, आणि त्यांच्या शेजारची खोली मला भाड्यानं मिळाली होती. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "खोली छान आहे, दहा बाय बारा आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी ते फीत घेऊन दारात उभे. नऊ फूट आठ इंच बाय अकरा फूट सात इंच भरली. "मास्तर, लेकरांला असंच शिकवता का?" एवढंच बोलले आणि गेले. आमची मैत्री अशी सुरू झाली.

आमच्या भागातले जमिनीचे जुने कागद निजामाच्या काळातले, उर्दूत. ते वाचणारी माणसं एकेक करून गेली आणि शेवटी अण्णा उरले. घरात कानडी, गावात मराठी, नकाशात उर्दू असा त्यांचा कारभार होता. तिन्ही भाषांत शिवी मात्र नव्हती. शिवी म्हणजे अंदाज, आणि अंदाज त्यांना चालत नसे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "एका दगडावर हद्द ठरत न्हाई. दुसरा दगड दाखवा." मोजणीत ते बरोबरच आहे. पण अण्णा ते वाक्य घेऊन जगात हिंडत. पारावर कोणी सांगावं, अमक्याची सून माहेरी गेली ती परत यायची नाही म्हणे. अण्णांनी विचारावं, "दुसरा दगड?" सांगणाऱ्याचा सगळा रस जाई. अण्णा येताना दिसले की पारावरच्या गप्पा पावसापाण्यावर येत. हवामान खात्याचंही त्यांच्यापुढं काही चालत नसे, पण निदान ते खातं पारावर बसलेलं नसे.

संतपूरकडं त्यांची सासऱ्याकडून आलेली जमीन होती. एका उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच ती मोजली आणि शेजाऱ्याचे तीन गुंठे आपल्या बांधात आलेत असं त्यांना आढळलं. कोणी तक्रार केलेली नव्हती. अण्णांनी गडी लावून बांध आपल्या बाजूला सरकवला. शेजारी घाबरला. मोजणीदार आपणहून जमीन देतो म्हणजे यात काहीतरी मोठी गोम असणार! त्यानं वकिलाला विचारलं, देवाला कौल लावला, आणि दोन वर्षं त्या पट्ट्यात नांगर घातला नाही. तिथं गवत माजलं. अण्णांच्या बायकोनं, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, मला हे सांगताना कपाळावर हात मारला होता. "मास्तर, ह्या माणसानं जमीन बी घालवली आन् शेजार बी. खरं बोलून येवढं नुकसान करायला लई हुशारी लागतीय बगा."

हे सगळं मी हसत हसत लिहितो आहे. अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं आणि त्यांच्याबद्दल बोलताना गावात अजून सगळे हसतातच. पण त्या वाक्याखाली काय पुरलेलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

संस्थान अजून निजामाचं होतं आणि गावोगाव रझाकारांची दहशत होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या गावच्या अकरा जणांनी जंगलात लपून तळ केला होता. कमठाण्याच्या पुढं जे जंगल लागतं, त्यात कुठंतरी. नेमकं कुठं, ते मी लिहिणार नाही. माणसांची नावंही मी बदलली आहेत. त्या अकरांतले एक अण्णांचे वडील वीरभद्रप्पा. तेव्हा अण्णा पाळण्यात होते.

पावसाळ्यात आठ जण काडतुसं आणायला सोलापूरच्या बाजूला, हद्दीपार गेले. मागं तिघं राहिले. वीरभद्रप्पा तापानं पडलेले, आणि त्यांच्या सोबतीला ज्ञानोबा नावाचा शेतकरी आणि मौलासाब नावाचा दगडफोड्या. आठ जण परत आले तेव्हा तळावर धाड पडून गेली होती. ज्ञानोबा आणि मौलासाब गोळ्या लागून पडलेले होते. वीरभद्रप्पांचा पत्ता नव्हता. मेलेल्यांत नाही, जिवंतांत नाही. मग धाड कोणी आणली, या प्रश्नाला उत्तर मिळालं. इतिहासात जो गैरहजर असतो त्याच्या नावावर फार गोष्टी सोप्या होतात.

गाव तोंडावर कधी काही बोललं नाही. फक्त सतरा सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या झेंड्याला त्या घराला बोलावणं जात नसे. अण्णांच्या आईनं, गंगव्वांनी, बांगड्या उतरवल्या नाहीत. दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, नवा हिरवा चुडा, कपाळाला कुंकू, अशी चाळीस वर्षं. त्या गेल्या तेव्हा भावकीतल्या जाणत्यांनी विचारलं, हिला काय म्हणून बसवायचं? सवाष्ण म्हणून की कशी? लिंगायतांत मेलेल्या माणसाला निजवत नाहीत, खड्ड्यात बसवतात. अण्णांनी विचारलं, "बाप मेल्याचा दगड हाय का कोणाकडं?" कोणाकडं नव्हता. गंगव्वांना हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून बसवलं.

मी एकदाच, मूर्खासारखं, विचारलं होतं. "अण्णा, तुमचे वडील खरंच...?"

"हे बगा मास्तर," ते अगदी शांतपणे म्हणाले, "फितूर होते म्हणायला एकच दगड हाय, ते दिसले न्हाईत. न्हवते म्हणायला तो बी न्हाई."

स्वतःच्या बापाची बाजू न घेणारा मुलगा मी दुसरा पाहिलेला नाही. तेव्हा मला तो कोरडेपणा वाटला होता.

मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाच्या वेळी गावात स्मारक समिती निघाली. तळावर गेलेल्यांपैकी तोपर्यंत कोणी जिवंत नव्हतं, त्यामुळे समितीच्या कामात अडथळा नव्हता. अध्यक्ष म्हणजे त्या तळाच्या पुढाऱ्याचे नातू. रस्त्यांची कंत्राटं घेत, आणि पांढऱ्या कपड्यांना इस्त्री अशी की बसताना आवाज यावा. त्यांनी जंगलात दोन फेऱ्या करून एक गुहा शोधली, तिला हार घातला, फोटो काढले. स्मरणिका लिहायचं काम मला दिलं. आता एकच अडचण होती. स्मारक वनखात्याच्या हद्दीत आलं तर परवानगी मिळणार नव्हती. जुन्या नकाशावरून हद्द दाखवायला अण्णांना बोलवावं लागलं. फितुराच्या मुलाला बोलवावं की नाही, यावर समितीची एक बैठक झाली. बैठकीत चिवडा होता, असं ऐकलं.

अण्णांनी गुहा पाहिली, जमिनीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्या लेंड्या हायेत. धनगराचा वाडा हाय हा. शेळ्यांला हार घातलाव तुमी."

अध्यक्ष लाल झाले. "मंग तुमीच दाखवा की अण्णा!"

त्यांनी दाखवलं. अध्यक्षांच्या आजोबांनी म्हातारपणी सांगितलेल्या खाणाखुणा वहीत उतरवलेल्या होत्या: नाला डाव्या हाताला, दोन चिंचा, मग चढ. चिंचा आता नव्हत्या. अण्णांनी उर्दू नकाशा उघडला, होकायंत्र लावलं, आणि ऐन उन्हाळ्यात, पळसाची पानं झडलेली असताना, पाऊल मोजत निघाले. त्यांचं वय तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढं. मी मागं, आणि माझ्या मागं घाणेरीत कपडे अडकवत अख्खी समिती. दीड तासानं ते थांबले.

जांभ्या दगडाची एक कपार होती. आत आठ-दहा माणसं बसतील एवढी. छताला काजळी, अजून बोटाला लागणारी. तीन दगडांची चूल. दगडातच कोरलेलं एक उखळ, त्यात वाळलेली पानं. भिंतीत दिवा ठेवायला एक खोबण, आणि तिच्याखाली कोणीतरी टोकदार काहीतरी घेऊन ओढलेल्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या. दिवस मोजले असावेत. अण्णांनी त्या रेघा मोजल्या नाहीत. मोजता येईल अशी गोष्ट न मोजता सोडलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

कपार वनखात्याच्या हद्दीबाहेर, गायरानात निघाली. अध्यक्ष इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथं झेंड्याची जागा ठरवली आणि दुसऱ्या दिवशी मजूर आणले. कपारीपासून पंधराएक पावलांवर पाया खणायला घेतला, तर माती भुसभुशीत लागली. खणत गेले तसा चारी बाजूंनी जांभा तासलेला खड्डा उघडा पडायला लागला. एका अंगाला उतरायच्या पायऱ्या. चार फूट गेल्यावर पायऱ्यांच्या समोरच्या भिंतीत एका कोनाड्याचं टोक दिसलं.

"हत्यारं!" अध्यक्ष ओरडले. "हत्यारांचं भुयार हाय! अण्णा, शंभर टक्के!" त्यांनी फोन काढला. तिथं रेंज नव्हती. मजुरांची जेवायची वेळ झालीच होती, तेव्हा सगळे खाली जीपकडं गेले. अध्यक्ष रेंज शोधायला, बाकीचे भाकरी खायला. खड्ड्यापाशी अण्णा आणि मी.

अण्णा पायऱ्या उतरले. तीन पायऱ्या. कोनाड्याचं वरचं टोक त्यांनी हातानं चाचपलं. मग होकायंत्र काढून भिंतीला लावलं आणि बराच वेळ काट्याकडं बघत बसले.

"काय आहे अण्णा?"

"आमचा खड्डा हाय हा."

"तुमचा म्हणजे?"

"आमच्या लोकांचा. तीन पायऱ्या, तिकोनी कोनाडा. ह्या कोनाड्यात माणूस बसवतेत." ते थांबले. "पन चुकलाय. आमच्या घरी कोनाडा दक्षिणेच्या भिंतीत काढतेत, बसलेल्याचं तोंड उत्तरेला. हा मावळतीच्या भिंतीत काढलाय. आमच्या माणसाच्या हातनं ही चूक व्हत न्हाई."

"मग कोणाच्या हातून?"

त्यांनी वर माझ्याकडं पाहिलं. "मुसलमानाची कबर आतून बगितलाव का कधी? त्यात बी बाजूला बगली काढतेत. मावळतीच्या अंगाला. मौलासाब दगडफोड्या होता. गावातल्या कबरी तोच खणायचा. आमचा रिवाज त्यानं लांबून बगितलेला. पायऱ्या मोजून ठेवल्यात, कोनाडा बरोबर तिकोनी केलाय, आन् दिशा मात्र हाताच्या सवयीनं गेली त्येची."

 त्या अकरांत लिंगायत एकच होता. मौलासाबही एकच. ताप, मृत्यू, खड्डा, धाड, हा क्रम आता माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालासुद्धा दिसत होता. जे जाणत होते ते दोघंही वीरभद्रप्पांना पुरल्यावर लगेच मारले गेले होते आणि वरची माती पावसानं सपाट केली असणार, म्हणून कोणाला कळलं नव्हतं.

"अण्णा, हे तुमचेच वडील. फितूर नव्हते ते."

"हा एक दगड झाला."

"अहो, आता दुसरा कशाला हवा?"

"दुसरा खाली हाय." ते मातीकडं बोट दाखवत म्हणाले. "माणसाला बसवल्यावर त्येच्या डाव्या तळहातावर त्येचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतेत. बापाच्या लिंगाची चांदीची डबी एका बाजूनं चेपलेली होती. लग्नाच्या वर्षी आईच्या हातनं पडली होती. तिनं मला हजारदा सांगितलंय. दोन हात खाली गेलं की हाताला लागंल."

टिकाव तिथंच पडलेला होता. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला. मी काय करत होतो ते मला कळत होतं असं मी म्हणणार नाही. अण्णांनी टिकाव घेतला आणि पायरीला टेकवून ठेवला. मातीवर तळहात ठेवला, एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"जांभा ओला असला की मऊ असतोय मास्तर," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तरी बी येवढं काढायला दोघांला अख्खा दिवस गेला आसंल. साधा खड्डा करून माती लोटली असती तर घटकाभराचं काम. मंग ते दोघं हद्दीपार गेले असते."

  गळ्यातलं लिंग काढून त्यांनी तळहातावर घेतलं, डोळे मिटून बसले. मग वर आले, फावडं घेतलं आणि माती आत लोटायला लागले. मीही हातांनी लोटली.

अध्यक्ष परत आले तेव्हा कोनाडा झाकला गेला होता. "अण्णा! हे काय करायलाव?"

"पेव हाय," अण्णा म्हणाले.

"काय?"

"धान्याचं पेव. जुनं. हत्यारं बित्यारं काई न्हाई. लई खोल असतंय, हवा कोंडलेली असती, माणूस मरतंय आत. बुजवून टाका." त्यांनी नकाशा उघडला आणि उर्दूतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हे बगा, लिवलेलंच हाय निजामाच्या काळापासून. पेव."

तो शब्द वाचू शकणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता. आणि सिद्रामअण्णा मोजणीदार खोटं सांगतील, अशी शंका घेणारा तर जिल्ह्यात नव्हता. अध्यक्षांचा चेहरा पडला. धान्याच्या खड्ड्यावर झेंडा लावणं त्यांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी पाया बराच पलीकडं सरकवायला सांगितलं.

परतताना जीपच्या मागच्या बाकावर मी हळूच विचारलं, "नकाशात काय लिहिलं होतं हो?"

"नाला," अण्णा म्हणाले.

घर येईपर्यंत ते बाहेर बघत होते. दारात उतरल्यावर मला राहवलं नाही. दोन हात माती काढली असती तर सगळ्या गावाचं तोंड बंद झालं असतं, असं मी जरा रागानंच म्हणालो.

"आन् मंग? अध्यक्ष ती डबी काचंच्या पेटीत घालून मिरवणूक काढला असता. बसलेल्या माणसाला उठवत न्हाईत मास्तर." कुलूप उघडता उघडता ते थांबले. "आन् आईला म्या सवाष्ण म्हणून बसवलंय. तिला आता कोण जाऊन सांगावं, की पैल्या सालापासूनच..."



"पण फितुराचा डाग?"

"तो हाय की. मला काई तो नवा न्हाई."

स्मरणिकेत मी लिहिलं, तळाजवळ एक जुनं पेव आहे. माझ्या नावानं छापलेलं ते सर्वांत चांगलं असत्य. इथं आता खरं लिहितो आहे ते समितीला वाचनाची सवय नाही या भरवशावर. नावं बदलल्यामुळे वीरभद्रप्पांना याचा काहीही उपयोग नाही, हेही मला ठाऊक आहे.

स्मारकाचं उद्‌घाटन सतरा सप्टेंबरला झालं. मांडव, कमान, तिच्यावर अध्यक्षांचा फोटो हुतात्म्यांपेक्षा मोठा. दगडावर दहा नावं. भाषणात अध्यक्ष म्हणाले, "अकरा होते. दहा जणांनी इतिहास घडवला, आन् अकराव्यानं काय केलं ते मी ह्या पवित्र ठिकाणी बोलत न्हाई." टाळ्या पडल्या. मौलासाब आणि ज्ञानोबा ही नावं वाचली गेली तेव्हा सगळ्यांत शेवटी थांबलेली टाळी मांडवाच्या मागच्या टोकाकडून आली. मी वळून पाहिलं.

बुजवलेल्या खड्ड्याच्या जागेवर, उघड्या मातीवर, अण्णा मांडी घालून बसले होते. सकाळी मांडववाल्यानं तिथं खांब रोवायला घेतला होता तो त्यांनी रोवू दिला नव्हता, आणि तेव्हापासून उठले नव्हते. पाहुण्यांच्या खुर्च्या त्यांना वळसा घालून मांडलेल्या. छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेला, दुसऱ्या शाळेतला एक पोक्त मास्तर त्यांच्यापाशी वाकून बोलत होता.

"अप्पा, खाली कामून बसलाव? तिकडं खुर्च्या रिकाम्या हायेत की. का ही जागा धरून ठेवलाव कोणासाठी?"

"व्हय."

"मंग नाव सांगा. खुर्ची ठेवतो, नावाची चिठ्ठी लावतो."

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. आता ते बोलतील असं मला वाटलं, आणि बोलावं असंही वाटलं. समोर दगडावरचा पडदा बाजूला झालेला होता, दहा नावांवर ऊन पडलं होतं.

"चिठ्ठी नको बाबा," ते म्हणाले. "मी हाय की इथं."